भेदभावाने माणसं एकत्र येतात का? (आजोबांच्या वहीवरून पडलेला प्रश्न)

पोलादपूरकर

गेल्या महिन्यात परळच्या चाळीतली आमची खोली रिकामी केली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या हातची एक वही निघाली. लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर आमच्या गावाचं नाव, खाली 'मुंबई मंडळ' आणि साल १९३४. आमच्या महारवाडीतले जे जे मुंबईत गिरणीत, गोदीत, रेल्वेत होते, त्यांच्या वर्गणीचा हिशोब त्यात आहे. माणशी चार आणे महिना. पुढे खर्चाची पानं: मयत, कोर्टकाम, अमक्याच्या मुलाची फी, आणि १९३६च्या मे महिन्यात 'नायगाव परिषद, जाणेयेणे व चहा' (बाबासाहेबांची मुंबईतली महार परिषद ती).

शेवटची आठ पानं फक्त भांड्यांची. मोठे टोप २, पराती ४, डाव ६, पाण्याचं पिंप १. कोणी नेली, कधी परत आणली, पुढे सही नाहीतर अंगठा.

बाबांना विचारलं, मंडळाला एवढी भांडी कशाला? ते म्हणाले, "भाड्याने भांडी देणारा दुकानदार आपल्याला द्यायचा नाही. लग्न असो नाहीतर बारावं, शिजवणार कशात? म्हणून पहिल्या वर्षाच्या वर्गणीतून भांडी घेतली." मग भांडी सांभाळायला माणूस नेमला, त्याचा हिशोब बघायला दर महिन्याला बैठक बसली. त्या बैठकीतच पुढे सभांना जायचं ठरायचं, निवडणुकीत कोण कुठे उभं राहणार ते ठरायचं.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. त्या दुकानदाराने भांडी दिली असती, तर आमचं मंडळ झालं असतं का? भेदभाव माणसाला मोडतो हे आपण सगळे जाणतो. पण त्याच भेदभावाने संघटना उभी राहते असंही दिसतं. तुमच्या घरात, गावात, वाचनात काय आहे?

सायली_त

अंगठ्यांच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा, शाई उडत जाते. वही प्लॅस्टिकमध्ये मात्र घालू नका, सुती कापडात गुंडाळा.

वऱ्हाडीबाणा

धाग्याला प्रणाम. आमच्या नागपुरातही प्रत्येक वस्तीत सतरंज्या आणि भांडी समाजाचीच असायची. सविस्तर रात्री लिहितो.

अनामिका७१

वही अमूल्य आहे, पण प्रश्नाच्या मांडणीवर माझा आक्षेप आहे. "भेदभावाने संघटना बळकट होते" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला सुटका मिळते. म्हणजे झालं ते बरंच झालं, नाही का? माझ्या आईला शाळेत पाणी वरून ओतून देत. त्यातून तिची कुठलीही संघटना झाली नाही. ती वर्गात बोलायची बंद झाली, ती कायमची. आज ७४ वर्षांची आहे, अजून चार लोकांत बोलत नाही. जे उभे राहिले त्यांच्या वह्या सापडतात. जे मिटले त्यांची नोंद कुठे असते?

पोलादपूरकर

अनामिकाताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. बरं झालं असं मला मुळीच म्हणायचं नाही. आजोबांच्या सख्ख्या भावाने गाव सोडलं ते परत कुणाला तोंड दाखवलं नाही, वहीत त्याचं नाव नाही. एकाच घरातला एक मोडला, दुसरा वही लिहीत बसला. हे का होतं, तेच शोधतोय.

जुना_महाडकर

याचं उत्तर महाडच्या दोन परिषदांत बरंचसं आहे. माझं गावच ते, म्हणून सविस्तर लिहितो.

४ ऑगस्ट १९२३ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं मिळालं होतं. तीन वर्षांत तळ्यावर किती जण गेले? कोणीच नाही. एकटा माणूस ठराव खिशात घालून तळ्यावर जाऊ शकत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ला परिषद भरली. माणसं कोकणातून, घाटावरून चालत आली. त्यांना पाणी कुठून द्यायचं? ४० रुपयांचं पाणी विकत घेतलं. तळं शेजारी, आणि पाणी विकत! २० तारखेला सगळे रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळ भरली. त्यानंतर गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि घरी परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य टाकून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठरावही मागे घेतला.

आता डिसेंबर बघा. सत्याग्रहासाठी दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाजारात कोणी माल विकणार नाही हे ओळखून शिधा बाहेरून आणला, स्वयंसेवक नेमले, राहायची, जेवायची, झाडलोटीची माणसं वाटून दिली. मार्चमध्ये अचानक मार खाल्लेले लोक डिसेंबरात शिस्तीत आले. तळ्यावर कोर्टाचा मनाईहुकूम होता म्हणून तिथे गेले नाहीत, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन केलं. कोर्टाचा शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला, उच्च न्यायालयात, आपल्या बाजूने. दहा वर्षं खटला चालवायला वकील लागतात, पैसे लागतात, तारखांना जायला माणूस लागतो. पोलादपूरकर, तुमच्या वहीतलं 'कोर्टकाम' कशाचं आहे ते जरूर बघा.

सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही स्पृश्य मंडळी बरोबर उभी होती, हेही विसरू नये.

कोकणकन्या_रेवा

महाडकर काका, अंगावर काटा आला. डिसेंबरातच बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले होते ना? लुगडं कसं नेसा, दागिने कुठले टाका. माझी पणजी सांगायची की आमच्याकडे त्याच साली बायकांनी जाड कथिलाच्या पाटल्या उतरवल्या आणि लुगडं खालपर्यंत घ्यायला सुरुवात केली. अंगावरून जात ओळखू यायची, ते बंद केलं.

सूतगिरणी

मी या गोष्टीकडे पोटाच्या बाजूने बघतो. वडील, आजोबा दोघे गिरणीत.

भेदभाव तर हजारो वर्षं होता. मग संघटना १९व्या शतकाच्या शेवटीच का? कारण गावात महाराचं पोट गावाच्या हातात होतं. येसकरी, तराळकी, मेलेलं ढोर ओढणं, सांगावा पोचवणं, आणि बदल्यात बलुतं, वतनाचा तुकडा. तोंड उघडलं की बलुतं बंद. बहिष्कार पडला की आठवड्यात माणूस गुडघ्यावर. लष्कर, रेल्वे, गोदी, गिरणी, दारूगोळ्याचे कारखाने आले आणि रोख पगार सुरू झाला. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढूळचेच. लष्कराने महारांची भरती बंद केल्यावर पहिले अर्ज लिहिले ते या पेन्शनवाल्यांनी. शिवराम जानबा कांबळे यांचा १९१०चा अर्ज त्याच वाटेवरचा. एकदा मिळालेलं काढून घेतलं की माणूस चिडतो. कधी मिळालंच नाही तर त्याला ते आपलं वाटतच नाही.

आणि गिरणीतही भेद होताच. विणकर खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि तोच उष्टा धोटा (मागावर धागा नेणारा) दुसऱ्याच्या हातात जायचा. आजोबांनी जन्मभर कमी पगाराच्या सूतखात्यात काढला. पण तिथे सगळे एका जागी होते, एका पाळीत होते, एका चाळीत झोपत होते. ७ नोव्हेंबर १९३८च्या संपात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर ते रस्त्यावर होते. तेव्हा नुसता भेदभाव धरू नका. भेदभाव, रोख पगार आणि एकत्र वस्ती, तिन्ही जुळले तेव्हा काम झालं.

अनामिका७१

सूतगिरणी, हे पटलं. माझी आई खेड्यात एकटी होती. वर्गात तिच्या वाडीतली दुसरी मुलगी नव्हती.

तारेपलीकडे

मी सोलापूरचा. आमची जात लिहीत नाही, भटक्या-विमुक्तांतली आहे एवढं पुरे.

वरच्या चर्चेत आमचा अनुभव नेमका उलटा आहे. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. माझी आजी त्या कुंपणात जन्मली. रोज हजेरी, बाहेर जायला पास. भेदभाव यापेक्षा पक्का कुठला असेल? रोख पगारही होता, कारण आमच्या लोकांना गिरणीत कामाला लावलं होतं. एकत्र वस्ती तर सरकारनेच करून दिली. सूतगिरणीदादांच्या तिन्ही गोष्टी होत्या. तरी आमची चळवळ उभी राहायला कितीतरी वर्षं गेली.

का? मला वाटतं, कारण कुंपणात एकत्र कोंडलेले लोक एकमेकांचे नव्हते. प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रत्येकाची जातपंचायत वेगळी, आणि प्रत्येकाला पोलिसांची भीती. शेजाऱ्याने खबर दिली तर? चार माणसं एकत्र बसली की पोलिसांच्या लेखी तो कट. ३१ ऑगस्ट १९५२ला आम्ही 'विमुक्त' झालो, म्हणून तो आमचा मुक्तिदिन. पण आजी मरेपर्यंत संध्याकाळी ठरावीक वेळेला उठून दारात उभी राहायची. हजेरीची वेळ. विचारलं तर म्हणायची, "पाय आपोआप उठतात."

तुमच्या आजोबांना भांडी मिळाली नाहीत, पण वही ठेवायची मोकळीक होती. आमच्यात वही फक्त पोलिसांची होती.

सायली_त

हा प्रतिसाद वाचून थांबले. आजींना नमस्कार.

वऱ्हाडीबाणा

तारेपलीकडे भाऊ, तुमच्या मुद्द्याला धरूनच नागपूरचं सांगतो.

आमच्यातही सगळे एकमेकांचे नव्हते. विदर्भात महारांत बावणे, लाडवण, कोसरे अशा पोटजाती. रोटी-बेटी नाही. माझी आजी बावणे घरची, ती लाडवणांच्या घरी पाणी प्यायची नाही. बाहेरचा जग आम्हा सगळ्यांना एकाच काठीने हाणत होता, तरी आम्ही आतल्या आत उच्च-नीच जपत होतो. भेदभावाने आपोआप एकी होते हे म्हणूनच खरं नाही. एकी करावी लागली. १९४२च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची परिषद झाली, तेव्हाच महिलांचीही झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. त्या काळात बायका व्यासपीठावरून बालविवाहावर, शिक्षणावर बोलल्या.

मग १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षा घेऊन आल्यावर आजीने देव्हारा उतरवला आणि त्याच महिन्यात लाडवणांच्या घरी चहा घेतला. आजोबा चेष्टेने म्हणायचे, "बाबासायबानं बावीस प्रतिज्ञा देल्या, तुझी तेवीसवी चहाची." पोटजातीतली लग्नं व्हायला पुढे वीसेक वर्षं लागली, पण दार उघडलं ते त्या चहाने.

त्या दीक्षेची किंमतही मोजली. बौद्ध म्हटलं की अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळाल्या १९९०ला. चौतीस वर्षं. तरी लोक मागे फिरले नाहीत.

साठेनगर

मी मातंग समाजातला. मनातलं लिहितो, राग मानू नका.

१८५५ साली आमच्या मुक्ताबाई साळवेने, चौदा वर्षांच्या मुलीने, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. दोघांचं एकत्र दुःख. लहुजी वस्तादांनी मुलं शाळेत पाठवली. अण्णा भाऊ गिरणगावात लढले. मग गावात आमची वाडी वेगळी आणि तुमची वेगळी का राहिली? चटके तर सारखेच होते. पोलादपूरकर, तुमच्या मंडळाची भांडी आमच्या वाडीला मिळाली असती का? भांडायला विचारत नाही. माझ्या आजोबांनी एकदा लग्नासाठी शेजारच्या वस्तीतून टोप मागितला आणि मिळाला नाही, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात.

आज अनुसूचित जातींच्या आरक्षणाच्या उपवर्गीकरणावरून दोन्हीकडे तलवारी निघाल्यात. १ ऑगस्ट २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी माझ्या दोन जिवलग मित्रांनी, दोघेही बौद्ध, माझ्याशी बोलणं सोडलं. एक परत बोलू लागला.

सूतगिरणी

साठेनगर, राग कसला. बोललात हे बरं केलं. ज्याच्या हातात आधी पगार आणि शाळा आली तो पुढे गेला, आणि मागच्यासाठी थांबला नाही. हे आमच्याकडून झालं.

पुणेरी_कामगार

सगळ्यांना बरोबर घेण्याचं एक उदाहरण माझ्या शहरात घडलंय. पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. त्याविरुद्ध उभा राहिला दीनाभाना. राजस्थानचा, वाल्मीकी समाजाचा, चतुर्थ श्रेणी कर्मचारी. त्याला निलंबित केलं. त्याच्या बाजूने उतरले तिथले एक अधिकारी, पंजाबचे रामदासिया शीख, कांशीराम. तोवर त्यांनी बाबासाहेब वाचलेही नव्हते. सुट्ट्या परत मिळाल्या, आणि कांशीराम नोकरी सोडून कामाला लागले. ६ डिसेंबर १९७८ला बामसेफ ही सरकारी नोकरांची संघटना, १४ एप्रिल १९८४ला बसपा हा पक्ष.

मला यात भावतं ते हे, की ज्याची सुट्टी गेली तो महार नव्हता, मराठीही नव्हता. सायकलवर फिरून एकेका सरकारी नोकराला गाठणं, पगारातून वर्गणी, मासिक, शिबिर. पोलादपूरच्या वहीचंच मोठं रूप.

रेडमंडहून

अमेरिकेतून लिहितेय. थोडं अवांतर. इथल्या माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध डिसेंबर १९५५पासून ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला तेव्हा लोक कामावर कसे जात होते? खाजगी गाड्या गोळा करून, चर्चच्या आवारात थांबे नेमून, कोण कुणाला कधी नेणार याचे तक्ते करून. वर्गणी चर्चमध्ये. भांड्यांच्या जागी गाड्या, बाकी हिशोब तोच. बाबासाहेबांनी १९४६मध्ये डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, म्हणजे त्यांनाही हे साम्य दिसलं होतं.

आमच्या शेजारच्या सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. त्या दिवशी सभागृहात बोलायला जे आले त्यांत अनेकांनी इथे वर्षानुवर्षं आडनाव लपवलं होतं. मी त्यांच्यातलीच. आधी आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो.

जुना_महाडकर

रेवाताई, पाटल्यांची गोष्ट लिहून ठेवा. रेडमंडच्या ताई, तुम्हाला बळ मिळो.

आता मनाला लागणारं बोलतो. ३ ऑक्टोबर १९५७ला रिपब्लिकन पक्ष झाला. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ला केला, १९६४ला परत केला, तुरुंग भरले. तिथपर्यंत एक होतो. मग गट, गटाचे गट. १९७२ला दलित पँथर आली ती गावोगावच्या अत्याचारांवरच्या संतापातून, आणि तीही दोन वर्षांत दुभंगली. १९९८ला चार गट एकत्र आले आणि लोकसभेत चार खासदार गेले, चारही खुल्या मतदारसंघांतून. ते पण टिकलं नाही.

पण मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचं नामांतर बघा. १९७८ला दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली. त्या सोळा वर्षांत पुढारी भांडत होते आणि सामान्य माणूस मोर्च्यात होता. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मी तेव्हा औरंगाबादला होतो. गेटपाशी अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. मार पडला की आम्ही एक होतो आणि दार अर्धं उघडलं की आत शिरायला धक्काबुक्की करतो. माझ्या पिढीचं हे दुःख आहे.

खोलीशोधक

माझी पिढी कुठे आहे ते सांगतो. वय २६, पुणे, आयटी. गेल्या वर्षी चार खोल्या हातातून गेल्या. कोणी जात विचारत नाही. "पूर्ण नाव काय? गाव कुठलं? नॉनव्हेज चालतं का?" मग घरात फोटो कुणाचे लावणार हे सुद्धा विचारलं एकीने, अगदी गोड आवाजात. दुसऱ्या दिवशी फोन येतो की खोली नात्यातल्या मुलाला दिली.

हे कुणाला सांगायचं? पुराव्यात काही नाही. एकटा खोलीवर बसून विचार करत राहतो की आपलंच बोलताना काही चुकलं का. अनामिकाताईंच्या आईचं मला नीट कळलं.

मग कॉलेजच्या एका सिनियर ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं. आमची यादी आहे: कुठली घरं बिनचौकशी मिळतात, कुठे जाऊ नये, अनामत कोण उसनी देतं. आता १४० जण आहोत. या १४ एप्रिलला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो. डाळ, भात, वांग्याची भाजी, सगळं बाहेरून मागवलं, भांडी लागलीच नाहीत.

तारेपलीकडे

खोलीशोधक, तुमच्या यादीत आमच्या पोरांना घेता का? माझा पुतण्या जूनमध्ये पुण्याला येतोय. आडनाव ऐकलं की लोक कुलपं बघतात.

खोलीशोधक

काका, व्यक्तिगत निरोपातून नंबर पाठवा. आजच जोडतो. साठेनगरमधल्या कुणाला हवं असेल तरी कळवा.

साठेनगर

पाठवतो. भाची आहे, नर्सिंगला.

पोलादपूरकर

चार दिवस लिहिलं नाही, गावी गेलो होतो. साठेनगर दादांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं, पण आधी खात्री करून घ्यायची होती.

'कोर्टकाम' गावच्या पाणवठ्याचं निघालं, महाडच्या खटल्याचं नाही. १९३८ ते १९४१, एकूण ६१ रुपये ४ आणे.

भांडी विहाराच्या मागच्या खोलीत आहेत. दोन्ही टोप आहेत, पराती तीनच. टोपाच्या काठावर ठोकून घातलेलं नाव आहे. मूळ अक्षरं 'महार ज्ञाती मंडळ'. नंतर कोणीतरी 'महार ज्ञाती' हे शब्द टिंबं मारून बुजवलेत आणि वर 'बौद्धजन' घातलंय. बोट फिरवलं की खालची अक्षरं अजून लागतात.

आता तुमचा प्रश्न. वहीची भांड्यांची पानं ओळ न् ओळ वाचली. १९३४ ते १९६१. आमच्या गावात मातंगांची सात घरं आहेत. त्या आठ पानांत त्यांच्यातलं एकही नाव नाही. मागितली नाहीत की दिली नाहीत, ते वहीत नाही. चुलत्यांना विचारलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दिली नसती."

विहाराच्या कमिटीत हे वाचून दाखवलं. दोघे उठून गेले. बाकीचे बसले. पुढच्या महिन्यात त्या सात घरांपैकी एका घरी लग्न आहे. मी आणि चुलते उद्या त्यांच्याकडे जातोय, टोप लागणार का विचारायला. पाण्याचं पिंप गळतं, ते आधी डागून घ्यावं लागेल.

साठेनगर

डागायचा खर्च माझा. खाते क्रमांक पाठवा.